लाकडी स्टिअरिंग: तुकडे जोडावेत की पट्ट्या वाकवाव्यात?

जुन्या फियाटसाठी सागवानी स्टिअरिंग करायचं, तर रिंग घडवायचे दोन मार्ग आहेत. पहिला, फळीतून कमानीसारखे तुकडे कापून जोडायचे. करवत आणि कानस, एवढ्यावर भागतं. पण लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, सरळ आणि रिंग गोल! सहा तुकडे घेतले, तर प्रत्येकाच्या टोकाशी रेषा 30 अंशांनी तिरकी जाते आणि लाकूड तिथेच तडकतं. आठ घेतले तर 22.5 अंश. म्हणून दोन थर करावेत आणि वरचा सांधा खालच्या तुकड्याच्या मध्यावर आणावाच.

दुसरा, दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या फर्म्याभोवती गुंडाळून एपॉक्सीने चिकटवायच्या. रेषा रिंगेबरोबर गोल फिरते, म्हणून मजबुती जास्त. वेळ मात्र खूप जातो, क्लॅम्प कितीही असले तरी कमीच पडतात. सागात तेल असतं. चिकटवण्याआधी थिनरने पुसलं नाही तर थर सुटतात.

स्टिअरिंग बनवणारे इटलीचे एन्रिको नार्दी यांच्या 1950च्या दशकातल्या लाकडी स्टिअरिंगांना अ‍ॅल्युमिनियमचा आधार असे. तसा धातूचा गाभा दोन्ही प्रकारांत हवाच, त्यात तडजोड नको. माझा कौल पट्ट्यांना. पॉलिशनंतर बोट फिरवलं की सांधा कुठे लागतच नाही.