नानांची वही आणि खोलीतली हवा: १५ महिन्यांचा अनुभव

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, ७९ वर्षांचे. दमा जुना. मागच्या नाही, त्याच्या आदल्या दिवाळीनंतर सलग नऊ रात्री ते उशीला टेकून बसूनच होते, कारण आडवं झालं की खोकल्याची उबळ यायची. डॉक्टरांनी औषधाचा पंप बदलून दिला, नेब्युलायझर लिहून दिला आणि निघताना विचारलं, ‘खोलीत काय काय जळतं?’ त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता घरात एअर प्युरिफायर आला, हवा मोजणारे दोन मीटर आले, कूलरची जाळी बदलली, गच्चीला चुना लागला. आता १५ महिने झाले, दोन हिवाळे बघून झाले. काय कामी आलं आणि काय नाही ते लिहिते, कारण खरेदीच्या वेळी मला जे वाचायला मिळालं ते सगळं आठवड्याभराच्या वापरावर लिहिलेलं होतं.

घर आधी सांगायला हवं. ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात जुना वाडा, वाटण्या होऊन आमच्याकडे चार खोल्या आणि चौक. भिंती जाड, छत दगडी पट्ट्यांचं. नानांची खोली १२ बाय १४ फूट, पण उंची १३ फूट. ही उंची महत्त्वाची ठरली.

प्युरिफायरच्या खोक्यावर ‘३५० चौरस फुटांपर्यंत’ असं होतं. आमची खोली १६८ चौरस फूट, म्हणजे दुप्पट ताकद आहे असं समजून घेतला. चूक झाली. हवा चौरस फुटांत मोजून चालत नाही. बघायचा आकडा सीएडीआर, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा यंत्र बाहेर टाकतं तो. आमच्या यंत्राचा २५०. आठ फुटी छत असतं तर खोलीत ३८ घनमीटर हवा मावली असती आणि तासाला साडेसहा वेळा गाळून निघाली असती. १३ फुटी छतामुळे ती ६२ घनमीटर आहे, म्हणजे पूर्ण वेगावर जेमतेम चार वेळा. आणि पूर्ण वेगावर आवाज इतका की नाना म्हणाले, ‘सूनबाई, हे विमान रात्रभर उडणार का?’ मग रात्रीच्या शांत मोडवर ठेवायचो. त्या मोडला हवा तासाला एकदा गाळली जात असेल तर असेल. पहिले तीन आठवडे आम्ही एक मंद पंखा चालवत होतो, एवढंच. नानांचा खोकला तसाच.

मग मीटर आणला, बारीक धुलिकण म्हणजे पीएम २.५ मोजणारा. आज मला कुणी विचारलं तर सांगेन, आधी मीटर घ्या, महिनाभर घर मोजा, मग ठरवा यंत्र हवं की नको. नाना पोस्टात होते. नोंदवहीची सवय हाडात मुरलेली. त्यांनी एक जुनी वही काढली, उभ्या रेघा आखल्या आणि दिवसातून सहा वेळा आकडा लिहायला लागले. भिंतीवर एक चिठ्ठी डकवली: ६०. आपल्याकडचं २४ तासांचं सरकारी मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून १५ आहे, पण ते लिहिलं असतं तर आमचा धीरच खचला असता. याच संघटनेच्या २०१६ च्या यादीत ग्वाल्हेर पीएम २.५ मध्ये जगात दुसरं होतं, वर्षाची सरासरी १७६. ती बातमी तेव्हा वाचून सोडून दिली होती. आकडा आपल्या माणसाच्या उशाशी दिसायला लागला की गोष्ट वेगळी होते.

वहीनं पहिलं जे दाखवलं त्यानं नानांचा आयुष्यभराचा नेम मोडला. ते पहाटे पाचला उठून सगळ्या खिडक्या उघडायचे. पहाटेची हवा शुद्ध, हे आपण सगळेच ऐकत आलोय. डिसेंबरात मात्र पाच वाजता उघडलेल्या खिडकीनं २०-२५ मिनिटांत खोलीतला आकडा ७० वरून १९० वर नेला. कारण समजलं की पटतं. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार थर बसतो आणि झाकण लावल्यासारखा सगळा धूर खाली कोंडून राहतो. शेकोट्या, गाड्या, जळता कचरा, सगळं त्यातच. ऊन तापलं की दुपारी ती हवा वर उठते आणि धूर विरळ होतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमच्या खिडक्या आता दुपारी दीड ते साडेतीन उघडतात, पहाटे नाही. हा बदल फुकटचा होता आणि त्या एका हिवाळ्यात त्यानं यंत्राइतकंच काम केलं असं मी वहीवरून म्हणते.

एक सावधगिरी: दाट धुक्यात स्वस्त लेसर मीटर पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतात. बाहेर धरलेला आकडा त्या दिवशी फुगलेला असतो. घरातला जास्त भरवशाचा.

दुसरं दाखवलं ते डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर होतं. नानांची पूजा त्याच खोलीत, दोन उदबत्त्या, वर धूप. मी काही बोलले नाही, मीटर फक्त देवघराजवळ ठेवला. ५५ वरून ४१० झाला. नानांनी तो आकडा स्वतःच्या हातानं लिहिला, खाली रेघ मारली आणि दुसऱ्या दिवसापासून उदबत्ती चौकात तुळशीपाशी लागायला लागली. देवापुढे तुपाचं निरांजन राहिलं. गणपतीत आणि महालक्ष्म्यांना मात्र धूप घरातच होतो, त्यात मी पडत नाही. त्या दिवशी दोन्हीकडची दारं सताड उघडी ठेवतो आणि आरतीनंतर नाना चौकात बसतात. मच्छर अगरबत्तीची कॉइल कायमची बंद केली. एका जळत्या कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असतात असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. त्याऐवजी मच्छरदाणी.

स्वयंपाकघराचं थोडक्यात सांगते. मिरचीची फोडणी उदबत्तीच्या बरोबरीची. हवा नळीतून बाहेर न टाकणारी चिमणी आमच्याकडे होती, ती वास कमी करते, धूर फिरवून घरातच सोडते. काढली. नऊ इंची एक्झॉस्ट पंखा लावला आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायला लागले, कारण आत हवा यायला वाट नसेल तर पंखा बाहेर काय फेकणार? फोडणीच्या वेळी नानांच्या खोलीचं दार बंद. तेलकट धूर प्युरिफायरच्या जाळीवर बसला की ती लवकर चोंदते.

आता दुसरा मीटर. पहिल्या जानेवारीत खोली अगदी घट्ट मिटायचो, फटींना चिंध्या लावून. पीएम २८ पर्यंत आला, सगळे खूश. पण नाना सकाळी जड डोक्यानं उठायचे, आणि सोबतीला झोपणारा माझा मुलगाही. कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणला तर पहाटे २१०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २१०० भाग. बाहेरच्या हवेत साधारण ४२० असतो. प्युरिफायर कण गाळतो, वायू नाही. तुम्ही सोडलेला श्वास तो जसाच्या तसा खोलीत ठेवतो. हे कुणीही आम्हाला विकताना सांगितलं नाही. उपाय साधा निघाला: चिंध्या काढल्या, आतल्या खोलीकडचं दार वीतभर उघडं, आणि यंत्र झोपण्याआधी तासभर पूर्ण वेगावर, मग मधल्या. मधला वेग नानांना हळूहळू सवयीचा झाला. आता पहाटे पीएम ३५-४० आणि कार्बन डायऑक्साइड ११०० च्या आसपास. दोन्ही आकडे आदर्श नाहीत, पण एकाच्या पायी दुसरा बिघडवण्यापेक्षा हे बरं. हा मीटर घेताना ‘एनडीआयआर’ सेन्सर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशानं थेट हाच वायू मोजणारा, आहे का ते बघा. काही स्वस्त मीटर दुसरेच वायू मोजून अंदाजानं आकडा दाखवतात, उदबत्ती लावली तरी त्यांचा कार्बन डायऑक्साइड उडी मारतो.

याच ठिकाणी एक गोष्ट ठासून सांगते. बंद खोलीत सिगडी ठेवू नका. नानांना हात शेकायला सिगडी हवीच असायची. जळत्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, प्युरिफायर तो अडवत नाही आणि माझे दोन्ही मीटर तो मोजत नाहीत. झोपेत माणूस जातो. आम्ही तेलाचा इलेक्ट्रिक हीटर घेतला, आणि न्हाणीघरातला गॅस गीझर काढून बाहेर चौकाच्या भिंतीवर लावला. तोही तेच विष सोडतो.

मार्चअखेर यंत्रावर कपडा पडतो, कारण मग कूलरचं राज्य. कूलर बाहेरची हवा आत ओढतो आणि तेवढीच हवा दुसऱ्या दारानं बाहेर जावी लागते. त्या वाहत्या हवेत प्युरिफायर लावणं म्हणजे नदी गाळायला बसणं. आमचा कूलर जुना लोखंडी, खिडकीबाहेर बसवलेला. मे महिन्यात ४२-४३ डिग्री आणि कोरडी लू असते तेव्हा त्यातून २७-२८ ची हवा येते, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं म्हणून. मी हनीकोंब पॅड, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचे, लावून बघितले. टिकतात छान, पण आमच्या बोअरिंगच्या खाऱ्या पाण्यानं दोन महिन्यांत त्यांच्या नळ्यांवर पांढरी खपली बसली आणि हवा कमी झाली. यंदा परत खसचे पट्टे, म्हणजे आपला वाळा. दर वर्षी बदलावे लागतात. पण वाळा भिजला की खोलीभर जो गंध पसरतो, त्यात नानांना धाप लागत नाही, आणि मलाही शाळेतून आल्यावर तिथेच बसावंसं वाटतं. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून घासतो आणि उन्हात सुकवतो. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून सात दिवसांच्या आत पाणी काढायचंच. शिळ्या पाण्याचा कुबट वास छातीत बसतो तो वेगळाच.

आंधी दिसली की पंखा बंद, खिडकीचं झडप खाली. एकदा शाळेत होते, मुलाच्या लक्षात आलं नाही, आणि कूलरनं रस्त्यावरची सगळी धूळ नानांच्या अंथरुणावर आणून टाकली. त्या रात्री नेब्युलायझर दोनदा लावावा लागला.

उन्हाळ्यात सगळ्यात स्वस्तात मिळालेला आराम गच्चीवरच्या चुन्याचा. दगडी पट्टे दिवसभर तापतात आणि रात्री दोनपर्यंत खाली उष्णता सोडत राहतात. एप्रिलमध्ये चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात दिले. संध्याकाळी छताला हात लावून बघायला शिडी लागते, पण पलंगावर पडल्या पडल्या तोंडावर जी धग यायची ती जाणवण्याइतकी कमी झाली. आणि हो, उन्हाळ्यात पहाटे पाचला खिडक्या उघडायचा नानांचा नेम अगदी योग्य. गार हवा आत, नऊला सगळं बंद आणि पडदे खाली.

पावसाळ्यात मात्र सगळं फसतं. जुलैत हवाच ओली, कूलरचं पाणी वाफ होणार कुठे? नुसता दमट वारा, कपाटात बुरशी. सहा-सात आठवड्यांसाठी दुसऱ्या खोलीतला दीड टनाचा एसी वापरतो, २६ वर, वर छताचा पंखा मंद. एसीही खोलीतलीच हवा फिरवतो, म्हणून तासा-दोन तासांनी दार उघडायचं. बाहेर पीएम त्या दिवसांत कमीच असतो, दारं उघडायला भीती नाही. झाडांबद्दल बऱ्याच जणांनी सुचवलं. झाडं मला आवडतात, चौकात भरपूर आहेत, पण चार कुंड्यांनी खोलीची हवा शुद्ध होत नाही, आणि पावसाळ्यात ओली माती खोलीत नकोच.

खर्चाचं: यंत्र १३ हजारांच्या आसपास, दोन्ही मीटर मिळून १० हजार. फिल्टर वर्षभर चालेल म्हणाले होते, वापर चार-साडेचार महिन्यांचाच असूनही दुसऱ्या डिसेंबरात तो काळा पडला आणि आकडा ६० खाली यायला दुप्पट वेळ लागायला लागला. नवा २,८०० ला. बदलायची वेळ यंत्रावरच्या दिव्यावरून नाही, मीटरवरून ठरवा, तो दिवा नुसते तास मोजतो. यंत्रात आयोनायझरचं, म्हणजे हवेत विद्युतभारित कण सोडणाऱ्या भागाचं, बटण आहे, ते बंद ठेवलंय, त्यातून थोडा ओझोन निघू शकतो आणि दम्याला तो वाईट. परत घ्यायचं झालं तर ४०० च्या पुढचा सीएडीआर घेईन आणि मधल्या वेगावर चालवीन.

नानांचं विचाराल तर औषधं तीच आहेत, डॉक्टरांना न विचारता एकही कमी केलं नाही. आदल्या हिवाळ्यात नेब्युलायझर आठवड्यातून चार-पाच वेळा लागायचा. यंदा डिसेंबर-जानेवारी मिळून वहीत सात वेळा नोंद आहे. यंदा फ्लूची लसही घेतली होती, तेव्हा सगळं श्रेय हवेला देणार नाही. पण ते आडवे झोपतात. हे मी रात्री पाणी प्यायला उठते तेव्हा दारातून बघते.

राहिली ती पश्चिमेची भिंत. गेल्या पावसात तिच्यावर हातभर ओल चढली आणि नानांच्या पलंगामागे काळे ठिपके आले. खरवडून चुना लावला, महिन्याभरात परत आले, कारण पाणी गच्चीच्या पन्हाळीतून मुरतंय. तिथे कुठलंच यंत्र उपयोगाचं नाही. मिस्त्री होळीनंतर येतो म्हणालाय. तोवर नानांनी पलंग पूर्वेला सरकवून घेतलाय आणि वहीत भिंतीसाठी वेगळं पान केलंय.