नव्या प्लास्टरच्या स्विमिंग पूलला पहिलं पाणी: ॲसिडची रीत की सोड्याची?

पांढरं सिमेंट आणि मार्बल पावडरचं प्लास्टर झालं, मिस्त्री आवरून गेले, आता टँकरवाल्याला फोन करायचा. त्याआधी एक गोष्ट ठरवून टाकावी लागते, कारण पहिलं पाणी एकदा भिंतीला लागलं की मग मागे फिरता येत नाही. पाणी येईल तसं भरून घ्यायचं आणि पुढे महिनाभर ॲसिड घालत सांभाळायचं, की भरतानाच त्यात खाण्याचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) मिसळायचा? दोन्ही रीतींनी चांगले पूल तयार झालेले आहेत. मुंबईच्या पाण्याला मात्र दुसरी जास्त मानवते असं माझं मत आहे.

सिमेंट मुरताना त्यातून चुना सुटत राहतो. आसपासचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असलं तर ते हा चुना भिंतीतून ओढून घेतं. पाण्याचा पीएच चढतो, आणि विरघळलेल्या चुन्याची पांढरी भुकटी होऊन ती तळाला बसते. मुंबईला येणारं वैतरणा, तानसा, भातसाचं पाणी म्हणजे साठवलेला पाऊसच, त्यामुळे ते मऊ. हार्डनेस (पाण्यातलं कॅल्शियम) ४०, अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची ताकद, मुख्यतः बायकार्बोनेटमुळे) ४०, दोन्ही लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, पीएच ७.६ आणि तापमान २९ अंश धरलं, तर लँजेलिअर इंडेक्स उणे १ च्या आसपास येतो. हा आकडा उणे असला तर पाणी चुना ओढतं, अधिक असला तर क्षार साचवतं. जुन्या पूललासुद्धा असं पाणी बरं नव्हे, इथे तर प्लास्टर कालचं आहे.

पहिली रीत बहुतेक ठेकेदारांच्या अंगवळणी पडलेली आहे. पूल काठोकाठ भरला की त्याच दिवशी अल्कलिनिटी ८० च्या पुढे न्यायची, पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणायचा, फिल्टर तीन दिवस अखंड चालवायचा, सकाळ-संध्याकाळ नायलॉनचा ब्रश मारायचा आणि चौथ्या दिवसापासून कॅल्शियम चढवायचं. खर्च कमी, सामान हाताशी, आणि पीएच खाली असल्यामुळे क्लोरीनही नीट काम करतं. अडचण पहिल्या तीन दिवसांत आहे. कॅल्शियम अजून पडलेलं नसतं, म्हणून पीएच ७.४ आणि अल्कलिनिटी ८० असूनही इंडेक्स उणे ०.९ च्या घरातच राहतो. म्हणजे ज्या दिवसांत प्लास्टर सर्वांत कोवळं असतं, नेमक्या त्याच दिवसांत पाणी त्यातला चुना खेचत असतं, आणि आपण पीएच उतरवायला वरून रोज ॲसिड देत असतो.

माझा कौल फिरवला तो या भुकटीनं. ब्रश भिंतीवरून खाली ओढला की दुधासारखा ढग उठतो, पाऊण तासात जरा निवळतो आणि रात्रीतून खोल बाजूच्या कोपऱ्यात पुन्हा थर धरतो. सँड फिल्टरचा प्रेशरचा काटा नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण बार वर चढला की बॅकवॉश (पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं) करावाच लागतो, आणि मध्यम फिल्टरच्या एका बॅकवॉशमध्ये पाच-सातशे लिटर पाणी सहज गटारात जातं. त्याच्या जागी येतं ते पुन्हा तेच मऊ पाणी, आणि ते पुन्हा चुना ओढतं. टँकर मोजून घेणाऱ्या सोसायटीला हे चांगलंच लागतं. त्यात ब्रश मारणारा माणूस एकच असतो. त्याची रविवारची सुट्टी आणि सोमवारची दांडी एकत्र आली की भुकटी तळाला धरून बसते. मग पाय ठेवला की पॉलिश पेपरवर ठेवल्यासारखं वाटतं, आणि ते काढायला ॲसिड वॉशशिवाय मार्ग उरत नाही. ॲसिड वॉश म्हणजे नव्या प्लास्टरचा वरचा गुळगुळीत पापुद्रा आपल्याच हातानं उतरवणं. एवढं सगळं रोज कोणीतरी न चुकता ब्रश मारण्यावर अवलंबून असावं, हे मला पटत नाही.

सोड्याच्या रीतीत ही भुकटी जवळपास होतच नाही. पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असलं की चुना भिंत सोडण्याआधीच, जागच्या जागी कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि पृष्ठभाग घट्ट होतो. अल्कलिनिटी ३५० च्या आसपास आणि पीएच ८.३ असला, तर हार्डनेस ४० असूनही इंडेक्स अधिक ०.६ येतो. पाण्याला भिंतीतून काही घ्यायची गरजच उरत नाही.

हिशेब सोपा आहे. १ लाख लिटरमध्ये अल्कलिनिटी ३०० नं वाढवायला ५० किलो सोडा लागतो, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरमागे ५ किलो. मस्जिद बंदरच्या केमिकल बाजारात गोणी मिळते. गोणीवर सोडियम बायकार्बोनेटच लिहिलंय ना, ते वाचून घ्या. धुण्याचा सोडा वेगळा; तो घातला तर पीएच गगनाला भिडेल. ५ किलो सोडा विरघळायला निदान ६०-७० लिटर पाणी लागतं, म्हणून २०० लिटरचा ड्रम काठावर ठेवावा. टँकरचा व्हॉल्व्ह उघडण्याआधी ड्रमचा नळ सुरू करावा आणि दोन्ही धारा एकाच जागी पडू द्याव्यात. पाइपच्या तोंडाला जाड फडकं बांधून ते सर्वांत खोल जागी ठेवायचं, नाहीतर धारेनं प्लास्टरला खड्डा पडतो. आणि भरणं मध्येच थांबवायचं नाही. थांबलं की त्या उंचीवर रेघ उमटते, ती जात नाही. पालिकेचं पाणी दोन-तीन तासच येतं, तेव्हा नळावर विसंबू नका. टँकर ओळीनं सांगून ठेवा. (फडकं, न थांबणं आणि टँकर, हे दोन्ही रीतींना लागू.)

या रीतीची किंमतही आहे. पीएच ८.३ वर क्लोरीनचा जोर ७.५ च्या मानानं निम्म्याहून कमी असतो, त्यामुळे महिनाभर पूल लोकांना उघडता येत नाही आणि शेवाळावर नजर ठेवावी लागते. क्लोरीन द्यायचं ते पातळ हायपोच्या (सोडियम हायपोक्लोराइटच्या) रूपात. टीसीसीएचे (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, घन रूपातलं क्लोरीन) दाणे आम्लधर्मी असतात. ते तळाला बसले तर कोवळ्या प्लास्टरवर डाग पाडतात. टेस्टच्या पट्टीवर एवढी अल्कलिनिटी नीट वाचता येत नाही, थेंबांचं किट घ्या. तीन-चार आठवड्यांनी पाणी नेहमीच्या आकड्यांवर आणायचं, त्यालाही सामान लागतं. १ लाख लिटरला अल्कलिनिटी १० नं उतरवायला ३२ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण २ लिटर. म्हणजे ३४० वरून १०० वर यायला ४८ लिटर. दिवसाला दोन-अडीच लिटरच, बादलीभर पाण्यात ॲसिड ओतून, पंप चालू ठेवून. कॅल्शियम त्यानंतर. कॅल्शियम क्लोराइडचे ७७ टक्क्यांचे फ्लेक्स दीड किलो घातले की १ लाख लिटरचा हार्डनेस १० नं वाढतो. ४० वरून २०० करायला २४ किलो, चार-पाच किलोच्या हप्त्यांनी. घाई केली तर पाणी दुधाळ होतं. एवढं सगळं धरूनही मला हे बरं वाटतं, कारण हे काम ठरलेल्या दिवशी, मोजून करता येतं. सकाळ-संध्याकाळच्या ब्रशसारखं कोणाच्या हजेरीवर टांगलेलं नसतं.

तिसरी रीत आहे अल्कलिनिटी शून्यावर नेऊन ॲसिडमध्येच पूल ठेवण्याची. ती खडी उघडी करायच्या फिनिशसाठी वापरतात. साध्या पांढऱ्या प्लास्टरला तिच्या वाटेला जाऊ नये.

पावसाळ्यात शक्यतो पूल भरूच नये. भरावाच लागला तर एवढं लक्षात घ्या, की सरासरी १.४ मीटर खोलीच्या पूलमध्ये १०० मिलीमीटर पाऊस म्हणजे सुमारे ७ टक्के नवं, अगदी मऊ पाणी. तेवढा सोडा पुन्हा द्यावा लागतो.

पहिली रीत मी कोणाला सुचवेन? ज्यांचे टँकर बोअरवेलवरून येतात त्यांना. हार्डनेस २५० आणि त्यात सोड्यानं अल्कलिनिटी ३०० केली, तर इंडेक्स अधिक १.४ होतो, पाणी गढुळतं आणि भिंतीवर खडबडीत क्षार धरतात. कठीण पाणी मुळातच फारसा चुना ओढत नाही, तिथे जुन्या पद्धतीनं भागतं. टँकर कुठून भरून येतो हे चालकाच्या शब्दावर सोडू नका, दोन टँकरांतही फरक निघतो. व्हॉल्व्ह उघडण्याआधी प्रत्येकाचा नमुना काढून हार्डनेस बघा. १०० च्या खाली असेल तर पूर्ण ५ किलो, १०० ते २०० मध्ये निम्मा सोडा, २०० च्या वर गेला तर त्या टँकरला सोडा नको.