पुण्यातल्या वाघोलीतला टू बीएचके: घर छान, पाण्याची बोंब

दोन वर्षं झाली राहायला येऊन, आता लिहायलाच हवं. फ्लॅट चांगलाय, हवा खेळती, ड्राय बाल्कनी प्रशस्त, बांधकामाला नाव ठेवायला जागा नाही. पण पाणी! सकाळी सहापासून गेटवर दहा हजार लिटरचे टँकर, आई खिडकीतून मोजत बसते आणि तिसरा आला नाही की लगेच बादल्या भरायला घेते, या वयात तिने हे का करायचं?

बुकिंगला सांगितलेलं की गाव महापालिकेत गेलं की लाईन येणारच. २०२१ ला २३ गावं महापालिकेत गेली, त्यात वाघोली पण, आमच्याकडे अजून टँकरच. बिल्डरने हमीपत्र दिलंय की महापालिकेचं पाणी येईपर्यंत तो पुरवेल, पण टँकरचं बिल मात्र आमच्याच मेंटेनन्समध्ये!

पुण्यातच बाणेर-बालेवाडीत हेच झालेलं. पाणी नाही म्हणून २०१६ ला प्रकरण हायकोर्टात गेलं आणि कोर्टाने नव्या बांधकाम परवानग्याच थांबवल्या. बिल्डर लोकांचं नुकसान झालं असेल, मान्य, पण आधी पाणी मग परवानगी हेच बरोबर आहे असं मला ठामपणे वाटतं.

घ्यायचाच असेल तर हमीपत्राची कॉपी मागा, आणि महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साईटवर प्रोजेक्टच्या नावाने कोर्टकेसेस दिसतात त्या बघूनच टोकन द्या. घराला चार स्टार, पाण्याला शून्य.