निष्पर्ण चिनार: ऊन की धुके?

श्रीनगरच्या नसीम बागेतील चिनार शरद सरता सरता पाने गाळतात आणि २१ डिसेंबरला सुरू होणाऱ्या कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांच्या ‘चिल्लई कलां’मध्ये फांद्यांचा उघडा सांगाडा हाच छायाचित्राचा विषय उरतो, तो निरभ्र उन्हात टिपावा की धुक्यात, हे आधी ठरवावे लागते.

डिसेंबरअखेरीस तेथे सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ३३ अंशांवरच राहत असल्याने तिरप्या उन्हात खोडाची पापुद्रे सुटणारी साल उठून दिसते आणि बर्फावर लांब, निळसर सावल्या पडतात. सालीचा पोत जवळून टिपायचा असेल, तर ऊनच हवे.

संपूर्ण झाडाची गोष्ट मात्र वेगळी आहे. पाने नसल्यामुळे मागच्या झाडांच्या फांद्या पुढच्या झाडात मिसळतात आणि उन्हात हा गुंता अधिकच ठळक होतो. धुक्यात मात्र मागचे प्रत्येक झाड थोडे अधिक फिकट होत जाऊन खोली आपोआप साधते, म्हणून माझा कौल धुक्याला आहे. त्याची किंमतही मोजावी लागते: ऑटोफोकस चाचपडतो, तेव्हा खोडाच्या कडेवर हाताने फोकस करणे बरे. शिवाय कॅमेऱ्याचा प्रकाशमापक पांढऱ्या दृश्याला करडे समजत असल्याने एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) एक्स्पोजर वाढवावे लागते. अर्थात, बर्फ असेल तर उन्हातही ही दुरुस्ती बहुधा करावीच लागते.