‘दरमहा 24 डॉलर’ म्हणाले आणि वर्षाचा करार गळ्यात मारला

बक्षीस लागल्याच्या मेसेजवर क्लिक करणाऱ्यांतला मी नाही, हे आधीच सांगतो. चित्रांवर पोट आहे माझं. तरी 108 डॉलरला चुना लागला, तोही रीतसर पावतीसकट. कंपनीचं नाव घेत नाही, वकिलाची नोटीस नकोय.

याच कंपनीचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर मी पूर्वी 349 डॉलर एकरकमी मोजून घेतलं होतं. जुना कॉम्प्युटर गेला, नव्यावर टाकलं, तर ‘या आवृत्तीचं अॅक्टिव्हेशन बंद करण्यात आलं आहे’. म्हणजे पैसे माझे, सिरियल नंबर माझा आणि कुलूप त्यांचं. फोटोशॉपवाल्या अॅडोबीने सीएस2 या आपल्या जुन्या आवृत्तीचा अॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला तेव्हा मालकांना निदान अॅक्टिव्हेशनशिवाय चालणारी प्रत तरी दिली होती. इथे फक्त ‘आता सदस्यत्व घ्या’चं बटण.

सदस्यत्वाचं युग आलंय हे मला काय कोणी शिकवायला नको. अॅडोबीने 2013 मध्येच सांगितलं की सीएस6 नंतर विकत मिळणारी आवृत्ती येणार नाही. 2016 मध्ये ऑटोकॅडवाली ऑटोडेस्कही त्याच वाटेने गेली. भाडं भरायला माझी ना नव्हती. भाडं म्हणून वर्षभराचं कर्ज देतील, हे वाटलं नव्हतं.

ते पान अजून डोळ्यांसमोर आहे. तीन रकाने. मधल्यावर आधीपासूनच टिक, ठळक अक्षरांत 24 डॉलर दरमहा. डावीकडे 36 डॉलर, तेही दरमहा. उजवीकडे वर्षाचे 264 एकदम. माल एकच, हप्ता दोन्हीकडे महिन्याचा, मग एक 12 डॉलरने स्वस्त का? तिथेच शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. चुकचुकली असती, पण गिऱ्हाईक डोक्यावर बसलं होतं, फाइल उघडत नव्हती. ‘वार्षिक करार’ हे शब्द आकड्याखाली, पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत. मुदतीआधी सोडलं तर दंड किती, ते एका चिमुकल्या चिन्हाच्या आड; त्यावर माउस नेला तरच खिडकी उघडते. कोण नेतो?

‘वाचून घ्यायचं ना’ म्हणणाऱ्यांसाठी: जून 2024 मध्ये अमेरिकेच्या सरकारने अॅडोबीवर दावा ठोकला तो नेमक्या याच आरोपावर, की वार्षिक करार सोडण्याचा दंड बारीक अक्षरांत आणि लिंकांमागे दडवला. ज्यासाठी सरकारला कोर्टात जावं लागलं, ते मी घाईगडबडीत टिपायला हवं होतं म्हणे!

तीन हप्ते भरले, 72 डॉलर. वापरलं, भरले, तक्रार नाही. मग काम संपलं म्हणून रद्द करायला गेलो. का जाताय, काय आवडलं नाही, दोन महिने फुकट घ्या, आणि शेवटच्या पानावर आकडा: उरलेल्या नऊ महिन्यांचे 216, त्याचे निम्मे 108. (ते ‘दोन महिने फुकट’ घेऊ नका. खालच्या ओळीत करार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.)

चॅटवर आधी यंत्र, मग यंत्रासारखाच माणूस. ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.’ बँकेत गेलो तर ‘व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, कंपनीने करार दाखवलाय’, प्रकरण बंद. सायबर पोलिसांच्या मते ही फसवणूकच नाही, पैशांचा वाद आहे, ग्राहक मंचाकडे जा. मंचाचं म्हणणं, कंपनी परदेशी, तिच्या इथल्या कार्यालयाचा पत्ता आणा. पत्ता मागितला तर कंपनी अटी-शर्तींची लिंक पाठवते! 108 डॉलरसाठी कोण कोर्टाची पायरी चढणार, हे त्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कंपनीला सर्वांत जास्त. नुसती टोलवाटोलवी. मला पुढची खिडकी दाखवणारा एकही माणूस आपल्या खुर्चीतून उठला नाही.

पैसे भरण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, चिन्हावर माउस नेऊन उघडलेल्या खिडकीसकट. माझ्याकडे तो नव्हता, आणि बँकेने पहिला तोच मागितला. कार्ड ब्लॉक करून करार सुटत नाही, थकबाकीचं पत्र येतं. बऱ्याच कंपन्या पहिले 14 दिवस पूर्ण परतावा देतात, तेवढ्यात निर्णय घ्या. आणि सदस्यत्व संपायच्या आत सगळी कामं टिफ, पीडीएफ, एसव्हीजी अशा इतर सॉफ्टवेअरमध्येही उघडणाऱ्या फॉरमॅटमध्ये काढून ठेवा; त्यांच्या स्वतःच्या फॉरमॅटमधल्या माझ्या फाइली आता माझ्याच मशीनवर उघडत नाहीत. सध्या क्रिता आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम चाललंय. फुकट आहेत, हात बसायला वेळ लागतोय, कार्डाचा नंबर अजून कोणी मागितलेला नाही.