ड्रायरचा पाइप साफ करून देतो म्हणाला

लेक बाळंतपणाला आली आहे. मुलुंडला आमच्याकडे पावसाळ्यात गॅलरीत कपडे वाळत नाहीत, वाळले तरी कुबट वास जात नाही. दुपटी-लंगोटांसाठी ड्रायर रोज लावावा लागतो. आमचा ड्रायर पाइपातून खिडकीबाहेर हवा टाकणारा आहे. जुलैमध्ये तो मध्येच बंद पडायला लागला. कपडे काढावेत तर चांगलेच गरम, पण ओलसर.

नेटवर कंपनीच्या नावाने शोधलं तर सगळ्यात वर एक कस्टमर केअर नंबर आला. ती जाहिरात होती, हे नंतर कळलं. फोनवर गोड बोलून तक्रार नोंदवून घेतली आणि संध्याकाळीच माणूस हजर. कंपनीच्या नावाचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, स्वच्छ मराठी.

"काकू, पाइप पूर्ण चोक आहे. घरात तान्हं बाळ आहे ना? हे लिंट आग धरतं, रिस्क घेऊ नका."

त्याचं हे बोलणं खोटं नव्हतं. कपड्यांच्या धाग्यांचा तो भुगा खरंच पटकन पेटतो, आणि पाइप तुंबला की आत उष्णता साठते. खऱ्या धोक्याची भीती घालून हे लोक खिशात हात घालतात, त्याचाच मला सर्वांत जास्त राग आहे. मग म्हणाला हीटरही जळलाय. धूळ उडेल, बाळाला त्रास होईल, असं सांगून खोलीचं दार लावून घेतलं. आतून ब्लोअरचा आवाज येत राहिला. बाहेर आला तो वर्तमानपत्रावर भुग्याचा ढीग घेऊनच.

बिल 9,400 रुपये. हीटरचे 6,200, पाइप साफ करण्याचे 2,800, व्हिजिटचे 400. पैसे कुणाच्यातरी वैयक्तिक नावावर यूपीआयने घेतले. जुना हीटर मागितला तर म्हणे, "तो कंपनीत जमा करावा लागतो."

तो भुगा टाकताना मी नीट पाहिला. त्यात पांढरे, राठ केस होते, कुत्र्याचे असतात तसे. आमच्या घरात कुत्रा नाही, मांजर नाही. तो ढीग त्याने पिशवीतून आणला होता.

मशीन काही दिवस बरं चाललं, मग परत तेच. माझा भाचा फ्रिज-एसीची कामं करतो, त्याने येऊन प्लग काढला आणि मशीन पुढे ओढलं. मागच्या पत्र्याच्या स्क्रूंवर गंज आणि धूळ तशीच, कुणी पाना लावलेलाच नव्हता. फॉइलचा पाइप भिंतीशी चेपलेला, आणि आत लिंट नमद्यासारखं घट्ट बसलेलं. बाहेरच्या तोंडावरची झडप कबुतराच्या काड्यांनी अडकलेली, वर कोळ्याचं जाळं अखंड. त्या माणसाने फक्त ड्रायरच्या दारातली, लिंट अडवणारी जाळी झटकली होती, म्हणून चार दिवस फरक पडला. भाचा म्हणाला, "मावशी, हीटर गेला असता तर कपडे गार निघाले असते." गरम पण ओले निघतात म्हणजे दमट हवेला बाहेर जायला वाट नाही. उष्णता वाढली की आतला थर्मोस्टॅट मशीन बंद पाडतो. हे एवढं माहीत असलं तरी हीटरचे पैसे वाचतात.

म्हणजे पैसे गेले ते गेलेच, वर आगीचा धोका जसाच्या तसा ठेवून, बाळाचं नाव घेऊन तो निघून गेला.

कंपनीच्या खऱ्या नंबरवर (वॉरंटी कार्डावर आणि मशीनच्या स्टिकरवर असतो) विचारलं, तर आमच्या नावाने तक्रारच नोंदलेली नव्हती. बिलावरचा जीएसटी क्रमांकही बनावट. खरा क्रमांक 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव दिसतं. 1930 वर सायबर तक्रार केली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. असं कुणाचं झालं तर लगेच, त्याच तासात फोन करा. रक्कम पुढे जायच्या आत अडवता येते. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी 1915 आहे.

पाइप साफ करायला कुणालाही बोलवा, पण दार लावू देऊ नका. पाइप सुटा करून आतून दाखवायला सांगा. मशीन चालू असताना बाहेरची झडप उघडून जोराची हवा यायला हवी. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खिडकीबाहेर वाकू नका, काठीला कापडाची पट्टी बांधून तोंडाशी धरा, फडफडली पाहिजे. बदललेला पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आम्ही आता फॉइलचा पाइप काढून ॲल्युमिनियमचा जाड पाइप बसवला, शक्य तितका आखूड आणि कमी वळणांचा. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी लावायची नाही, लिंट तिथेच अडकतं. दारातली जाळी दर वेळी कपडे काढल्यावर साफ करायची. तिच्यावर पाणी ओतून ते खाली झिरपलं नाही, तर कपडे मऊ करायच्या सॉफ्टनरचा थर बसलाय. साबण आणि ब्रशने घासून, पूर्ण वाळवून परत लावायची. पाइप वर्षातून एकदा तरी, रोज वापर असेल तर आधीच.

आमच्याच बिल्डिंगमधल्या एका घरी हीट पंपवाला ड्रायर आहे. त्याला बाहेर जाणारा पाइप नसतोच, पाणी टाकीत किंवा ड्रेनमध्ये जातं. त्यांच्याकडूनही "व्हेंट क्लीनिंग"चे पैसे उकळले गेले. तुमच्या मशीनला पाइप आहे की नाही, हे कुणाला फोन लावण्याआधी मागे डोकावून बघून घ्या.