८८१२एयू चिपचा वाय-फाय डोंगल: आठ महिने वापरल्यावर

कालीवर (सिक्युरिटीच्या सरावासाठीचं लिनक्स) फुल-अपग्रेड मारलं, रीबूट केलं आणि डब्ल्यूलॅन१, म्हणजे सिस्टिममध्ये दिसणारा हा डोंगल, गायब. आठ महिन्यांत तिसऱ्यांदा. त्यामुळे मॉनिटर मोड (हवेतली सगळी पॅकेट्स ऐकणं), पॅकेट इंजेक्शन (आपली पॅकेट्स हवेत सोडणं), दोन अँटेना, दोन्ही बँड हे खोक्यावरचं कौतुक इथे परत सांगत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. प्रश्न एकच: अपग्रेडनंतर ही वस्तू जागेवर असते का?

एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी) मारलं की त्याचा आयडी ०बीडीए:८८१२ ठणठणीत दिसतो. म्हणजे डोंगल धडधाकट आहे, मेलाय तो ड्रायव्हर. दुकानात नेलात तर दुकानदार विंडोजला लावून चालवून दाखवणार आणि परत घ्यायला नकार देणार. त्याच्या बाजूने तो बरोबरच आहे.

मूळ दुखणं असं. या चिपचा ड्रायव्हर बरीच वर्षं लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, नव्हताच. बाहेरून डीकेएमएस या साधनामार्फत टाकायचा, आणि दर नव्या कर्नलसाठी तो नव्याने कंपाईल व्हायचा. कंपाईलला लागतात त्याच कर्नलचे हेडर्स (त्यासाठीच्या फाइली), आणि काली रोलिंग, म्हणजे सतत अपडेट होणारं, असल्यामुळे गोची इथेच होते. अपग्रेडने नवा कर्नल येतो, पण रीबूट होईपर्यंत चालू असतो जुनाच. त्या अवस्थेत यूनेम -आर चा, म्हणजे चालू कर्नलचा, आकडा घेऊन हेडर्स मागितले तर 'पॅकेज सापडत नाही' हे उत्तर, कारण जुने हेडर्स रेपोतून, म्हणजे कालीच्या पॅकेज-साठ्यातून, गेलेले असतात. मग लोक कुठल्यातरी व्हिडिओतून अनोळखी गिटहब लिंक उचलून रूटने चालवतात. सिक्युरिटी शिकणाऱ्याने हे करावं, म्हणजे कमालच.

क्रम सरळ आहे: आधी फुल-अपग्रेड, मग रीबूट, मग लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ हे पॅकेज, मग डीकेएमएस स्टेटस. तिथे चालू कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' नसेल तर डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल. तरीही बिल्ड (कंपाईल) फुटला तर त्याची नोंद असलेली मेक.लॉग फाइल उघडा. हेडर्स नाहीत म्हणून फुटला असेल तर ते आपल्या हातात आहे. कर्नलच्या आतलं एखादं फंक्शन बदललंय म्हणून फुटला असेल तर ड्रायव्हरचं नवं पॅकेज येईपर्यंत थांबणे. तोवर ग्रबच्या (सुरू होताना येणारा मेनू) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुन्या कर्नलवर बूट करा. म्हणूनच अपग्रेडनंतर लगेच ऑटोरिमूव्ह मारू नका, जुना कर्नल त्यात उडू शकतो. काली व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातला आभासी संगणक) असेल तर आधी स्नॅपशॉट, त्याला दमडी पडत नाही.

इथवर पाचपैकी दोन तारे दिले होते. आता मत थोडं बदललंय. कर्नल ६.१४ पासून या चिपचा ड्रायव्हर कर्नलमधल्याच आरटीडब्ल्यू८८ मध्ये आलाय, म्हणजे खोक्यातून काढा आणि लावा. पण जुना डीकेएमएसवाला तसाच ठेवला तर दोन्ही एकाच डोंगलवर हक्क सांगतात. जुना पर्ज करा (मुळासकट काढा), रीबूट करा, एलएसमॉडमध्ये (लोड झालेल्या ड्रायव्हरांची यादी) आरटीडब्ल्यू८८_८८१२एयू दिसतोय का बघा आणि मग इंजेक्शन तपासायला एअरप्ले-एनजी --टेस्ट चालवा. 'इंजेक्शन इज वर्किंग' आलं तरच पुढे. तीन तारे.

व्हर्च्युअलबॉक्सवाल्या नवशिक्यांसाठी: लॅपटॉपचं आतलं वाय-फाय पाहुण्या मशीनला (व्हर्च्युअलबॉक्समधल्या कालीला) एथ०, म्हणजे केबल म्हणूनच दिसतं. त्यावर मॉनिटर मोड चालू करणारं एअरमॉन-एनजी चालत नाही म्हणून डोकं आपटू नका. डोंगल यूएसबी फिल्टरमधून आत द्यावा लागतो, कंट्रोलर ३.० निवडून, होस्ट (खरा लॅपटॉप) लिनक्स असेल तर युजर व्हीबॉक्सयूजर्स ग्रुपमध्ये हवा. आणि एअरमॉन-एनजी चेक किल मारल्यावर नेटवर्कमॅनेजर बंद पडतो. नेट गेलं म्हणून वीज खात्याला किंवा इंटरनेटवाल्याला शिव्या नकोत, सर्व्हिस रीस्टार्ट करा.

आता गोव्याचं. चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा जीव जातो. सराव-राउटर त्याच खोलीत ठेवा, नाहीतर चार टप्प्यांचा हँडशेक (फोन राउटरला जोडताना होणारी देवाणघेवाण) अर्धवटच पकडला जातो आणि दोष डोंगलला मिळतो. २.४ वर उलटी तऱ्हा: यूएसबी ३ ची वायर स्वतःच त्या बँडमध्ये गोंगाट करते. अर्ध्या-एक मीटरची एक्स्टेन्शन लावून डोंगल लॅपटॉपपासून लांब ठेवा. वेगळी वीज नसलेला स्वस्त हब नकोच, जोरात ट्रान्समिट करताना करंट कमी पडला की डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) 'डिस्कनेक्ट' दिसतो. पावसाळ्यात, आणि समुद्राजवळ तर बारमाही, कनेक्टरवर हिरवट थर चढतो. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलची पुडी पुरते. लाईट जाते तेव्हा लॅपटॉप चालू राहतो, राउटर बसतो आणि कॅप्चर अर्धवट राहतं. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की प्रश्न मिटला.

राउटर स्वतःचाच हवा, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. शेजाऱ्याच्या वाय-फायवर डीऑथ (जोडलेल्याला तोडणारा खोटा संदेश) 'फक्त बघण्यासाठी' मारला तरी आयटी कायदा २०००, कलम ४३ आणि ६६: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. डब्ल्यूपीए३ या नव्या वाय-फाय सुरक्षेवर तो डीऑथ चालतही नाही, तिथे मॅनेजमेंट फ्रेम्सना, म्हणजे अशा जोडण्या-तोडण्याच्या संदेशांना, संरक्षण सक्तीचं आहे. सरावासाठी राउटर मुद्दाम जुन्या डब्ल्यूपीए२ वर ठेवा आणि पासवर्ड रॉकयू या फुटलेल्या पासवर्डांच्या यादीतलाच द्या, किमान आठ अक्षरी.

पैसे वाचवायचे असतील तर एआर९२७१ चिपचं जुनं कार्ड बघा. फक्त २.४, वेग यथातथा, पण ड्रायव्हर कर्नलमध्ये कधीचा आहे. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन घेताना मात्र मागचं लेबल वाचा: व्ही१ मध्ये ही चिप आहे, व्ही२ पासून वेगळी, आणि खोकी सारखीच दिसतात. दोन्ही बँड हवेत आणि कटकट नको तर एमटी७६१२यू चिप, तिचा ड्रायव्हर ४.१९ पासून कर्नलमध्ये आहे. पणजीत काय आणि मडगावात काय, काउंटरवर विचारतात 'रेंज किती हवी?' चिपचं नाव आपणच विचारायचं, आणि 'सगळ्यात चालतं' असं उत्तर आलं तर खोकं परत ठेवायचं.

एनमॅप, बर्प, मेटास्प्लॉइट या सिक्युरिटीच्या साधनांना तर डोंगल लागतच नाही. पहिले तीन महिने त्यातच जातात, खरेदी तेवढी पुढे ढकला.